पहिली गोळी कुठे लागते? अचूक आणि परवडणारी बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफल निवडताना

माझ्या पहिल्या रायफलबरोबर खोक्यात एक कागद आला होता. १०० मीटरवर झाडलेल्या तीन गोळ्या आणि तिन्ही भोकं एकमेकांत गुंतलेली. तो कागद मी किती जणांना दाखवला, त्याची गणती नाही. मग हंगाम सुरू झाला. पहाटेच्या गारठ्यात तीच रायफल पहिली गोळी कधी चार बोटं डावीकडे टाकायची, कधी वर. दोन-तीन गोळ्या झाडून नळी तापली की मात्र पुन्हा कागदावरच्यासारखी वागायची. जनावर तेवढा वेळ थांबत नाही. एक हरीण जखमी होऊन निसटलं आणि त्याच्या मागावर काढलेली ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. दोष सापडायला वर्ष गेलं. तो नळीत नव्हता, दस्त्यात होता, म्हणजे नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला टेकतो त्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या भागात.

तेव्हापासून मी शिकारीच्या रायफलची अचूकता एकाच गोष्टीवर मोजतो: थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी दर वेळी त्याच जागी लागते का? हे साधायला महागडी रायफल लागत नाही. गेल्या वीसेक वर्षांत कारखान्यांतली यंत्रं इतकी सुधारली आहेत, की खालच्या किमतीच्या रायफलीही पूर्वीच्या चांगल्या रायफलींच्या तोडीचं काम करतात. नीट पारखून घेता आलं पाहिजे, एवढंच.

सुरुवात परवान्यापासून. शिकारीला, हत्याराला आणि त्या विशिष्ट काडतुसाला तुम्ही राहता तिथल्या कायद्याची परवानगी आहे का, हे आधी पाहा. काही देशांत काडतूससुद्धा कायदाच ठरवतो. जर्मनीत रानडुक्कर किंवा मोठ्या हरणासाठी गोळीचा व्यास किमान ६.५ मिमी आणि १०० मीटरवर ऊर्जा किमान २००० ज्यूल लागते. म्हणजे इतरत्र हरणांसाठी सर्रास वापरलं जाणारं, त्याहून बारीक गोळीचं .२४३ काडतूस तिथे त्या जनावरांना चालत नाही. रायफल घेतल्यावर हे कळून काय उपयोग?

पैशांची वाटणी

बहुतेक जण सगळे पैसे रायफलीवर घालतात आणि उरलेल्यात दुर्बीण बसवतात. काडतुसांसाठी मग काहीच राहत नाही. हे उलटं करा. एकूण रकमेतून आधी पहिल्या वर्षाच्या सरावाची काडतुसं बाजूला काढा, निदान २०० तरी. मग चांगली दुर्बीण आणि ती रायफलीवर बसवायचा भक्कम माउंट. त्यानंतर जे उरेल त्यात रायफल. साध्या रायफलीवरची चांगली दुर्बीण जनावर मिळवून देते. उंची रायफलीवरची, दर हंगामात शून्य (नेम आणि गोळी जुळवून ठेवलेली जागा) हलवणारी दुर्बीण फक्त मनस्ताप देते.

एका इंचाच्या दाव्यात दडलेलं गणित

अचूकता एमओएमध्ये मोजतात. हा अंशाचा साठावा भाग, म्हणजे १०० मीटरवर सुमारे २९ मिमी (एका इंचाहून थोडं जास्त) आणि २०० मीटरवर ५८. जाहिरातीत ‘एक एमओएची हमी’ दिसते तेव्हा ती बहुधा तीन गोळ्यांच्या ग्रुपवर (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांच्या झुपक्यावर) असते, आणि गोम तिथेच आहे.

तीन गोळ्या नशिबाने जवळ पडू शकतात. एकाच रायफलीने, त्याच काडतुसाने, त्याच सकाळी एक ग्रुप १५ मिमीचा दिला आणि पुढचा ४५ मिमीचा, तर दोघांत काही बिघडलेलं नसतं. गोळ्यांचा विखुरलेपणा असाच असतो. गोळ्या वाढवल्या की ग्रुप मोठा होतो आणि खरा चेहरा दिसतो. जी रायफल तीन गोळ्यांत सरासरी एक एमओए देते, ती पाच गोळ्यांत सरासरी सव्वाच्या आसपास जाते आणि दहा गोळ्यांत दीडच्या थोडी वर, म्हणजे १०० मीटरवर ४५ मिमीच्या जवळपास. रायफल तीच, फक्त माप प्रामाणिक झालेलं. म्हणून कोणी खिशातून एकच सुंदर ग्रुप काढून दाखवला, तर बाकीचे कागद कुठे आहेत, असं विचारावं.

मग लागतं किती? मध्यम आकाराच्या हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण २० सेंमीचं वर्तुळ धरतात, लहान जातीच्या हरणाचं १५ सेंमीचं. दोन एमओएची रायफल २०० मीटरवर सुमारे १२ सेंमीत गोळ्या टाकते. वर्तुळ त्याहून मोठंच आहे. म्हणजे त्या अंतरापर्यंत रायफल आड येत नाही. आड येतात धडधडणारं काळीज, थरथरता हात आणि घाईत ओढलेला चाप. दीड एमओए सातत्याने देणारी रायफल शिकारीला पुरेशी आहे. अर्ध्या एमओएच्या मागे लागून दुप्पट पैसे घालवू नका. ते सराव-मैदानावर घाला.

काडतूस: आधी धक्का पाहा

जास्त ताकदीचं काडतूस म्हणजे जास्त खात्री, हा समज फार जणांना नडला आहे. खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची भीती शरीर लक्षात ठेवतं आणि चाप सुटण्याच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढे येतो. ही सवय एकदा लागली, की मोडायला शेकडो गोळ्या खर्च होतात.

नवख्याने चारच नावांत शोधलं तरी चालेल. .२४३ विंचेस्टर (१९५५) चा धक्का .३०-०६ च्या निम्म्याच्या आसपास. लहान आणि मध्यम हरणांसाठी उत्तम, मोठ्या जनावरांसाठी हलकं. ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये आलं ते मुळात लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी. धक्का मवाळ, गोळी लांबट आणि वारा कापणारी. ७ मिमी-०८ हे .३०८ चंच निमुळतं केलेलं भावंड. शिकारीला फार समतोल, पण त्याची काडतुसं सगळीकडे मिळतीलच असं नाही. आणि .३०८ विंचेस्टर (१९५२): धक्का या चारांत सर्वांत जास्त, तरी सोसवणारा. काडतुसं जवळजवळ कुठेही मिळतात आणि सरावाची तुलनेने स्वस्त पडतात. २५० मीटरच्या आत शेवटच्या तिघांत हरणाला फरक कळत नाही. मग निवड कशावर करायची? तुमच्या भागात वर्षभर जे मिळतं त्यावर. मॅग्नम, म्हणजे जादा दारूची ताकदवान काडतुसं पहिल्या रायफलीसाठी नकोतच.

नळीतल्या पिळाकडेही (गोळीला गरगर फिरवणाऱ्या आतल्या खाचांच्या वळणाकडे) लक्ष द्या. लांब, जड गोळीला घट्ट पीळ लागतो. ६.५ क्रीडमूरच्या नळीत बहुधा आठ इंचांत एक फेरा असतो, .३०८ मध्ये दहा किंवा बारा इंचांत. .२२३ मध्ये तर बारा इंचांचा जुना पीळ आणि आठ इंचांचा नवा पीळ अगदी वेगळ्या वजनाच्या गोळ्या मागतात. हा आकडा बहुधा नळीवर किंवा माहितीपत्रकात असतो. गोळ्या निवडण्याआधी तो वाचा.

नळीच्या लांबीवरून फार वाद होतात. लांब नळी जास्त अचूक हे खरं नाही. लांबीमुळे वेग वाढतो, तोही इंचामागे साधारण ६ ते ९ मीटर प्रतिसेकंद. आखूड नळी उलट ताठ असते. झाडीत फिरायचं असेल तर २० ते २२ इंच सोयीची.

दुकानात रायफल हातात आल्यावर

आधी बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) उघडा, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) आणि मॅगझिन (काडतुसांची पेटी) रिकामी आहे हे डोळ्याने पाहा, मग बोटाने चाचपा. विक्रेत्याने आत्ताच पाहिलं असलं तरीही. नळी कायम निर्धोक दिशेला. कोरडा चाप (काडतुसाशिवाय) ओढण्याआधी परवानगी विचारा.

डोळे मिटा आणि रायफल खांद्याला लावा. मान न हलवता डोळे उघडा. नजर दुर्बिणीच्या जागेवर सरळ जाते का? गाल दस्त्यावर टेकला की डोळा फार खाली राहत असेल, तर दस्ता तुमच्या गालाला ठेंगणा आहे. याला उपाय आहे, गालाखाली लावायची गादी मिळते. पण दस्ता फार लांब असेल, जाड कपड्यात बगलेत अडकत असेल, तर तो कापावाच लागतो. प्रौढांसाठीच्या बहुतेक रायफलींत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर ३४-३५ सेंमी असतं. कमी उंचीच्या माणसाने आखूड दस्त्याचीच रायफल पाहावी. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचं मॉडेल मागावं, तडजोड करू नये.

मग चाप. रिकामी रायफल, सुरक्षित दिशा, बोट हळूहळू मागे. चाप थोडा सरकतो, अडतो, पुन्हा सरकतो आणि मग सुटतो का? की काचेची काडी मोडावी तसा एकदम? दुसरा हवा. चाप सुटायला लागणारं वजन १.१ ते १.६ किलोच्या दरम्यान असलं की शिकारीला ठीक. गारठलेल्या बोटांना याहून हलका चाप धोक्याचा. चाप चांगला असेल तर साधी रायफलही नेम राखते. वाईट असेल तर उत्तम नळी वाया.

लगेच सेफ्टी तपासा. कॉक केलेल्या (बोल्ट बंद करून झाडायला सज्ज) रिकाम्या रायफलीची सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारा खटका लावा, चाप जोराने ओढा, सोडा, आता चापाला हात न लावता सेफ्टी काढा. आत ‘टक्’ झालं, तर ती रायफल तिथेच खाली ठेवा. मग बोल्ट दोन-तीनदा जोरात बंद करून पाहा. आपोआप सुटता कामा नये.

बोल्ट थोडा डुगडुगणं चालतं, विशेषतः पूर्ण मागे असताना. बंद झाल्यावर मात्र तो पक्का हवा. आजच्या बहुतेक बोल्टची मूळ मांडणी १८९८ च्या माउझरपासून आलेली आहे: पुढच्या टोकाला दोन भक्कम दात आणि बंद करताना फिरून कुलूप. काही नव्या रायफलींत तीन दात असतात, त्यामुळे बोल्ट कमी उचलावा लागतो, पण उचलायला थोडा जोर जास्त लागतो. दुकानात डमी काडतुसं असतील तर मॅगझिन भरून हळू आणि जलद दोन्ही वेगाने चालवून पाहा. काडतूस अडकण्याचे प्रकार बहुधा मॅगझिनमुळे होतात. म्हणून जादा मॅगझिन सहज मिळतं का, हेही विचारा.

कागदाची पट्टी

आता ज्या दोषाने माझं वर्ष खाल्लं तो. नळी झाडल्यावर थरथरते आणि तापून किंचित फुगते. पुढच्या दस्त्याला ती कुठेही टेकत असेल, तर प्रत्येक वेळी वेगळा दाब पडतो आणि गोळी भरकटते. म्हणून नळी दस्त्यापासून सुटी हवी.

साध्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी घ्या, दुहेरी घडी घाला, नळीच्या तोंडाकडून नळी आणि दस्त्याच्या फटीत सरकवा आणि दोन्ही टोकं धरून मागे ओढत न्या. ती चेंबरच्या जवळपास विनाअडथळा पोचली पाहिजे. माझ्या रायफलीत पट्टी सहज गेली होती, म्हणून मी निर्धास्त होतो. पण तेव्हा रायफल माझ्या मांडीवर होती. वर्षभराने एका जुन्या नेमबाजाने ती वाळूच्या पिशवीवर ठेवायला लावली, वरून हाताने दाबली आणि म्हणाला, आता ओढ. पट्टी मधोमध घट्ट बसली. स्वस्त प्लास्टिकचा दस्ता पिशवीवरच्या भाराने वाकून नळीला टेकत होता. भरीला दस्त्याचा पुढचा स्क्रू अर्धा फेरा ढिला.

म्हणून ही पारख दोनदा करा, एकदा मोकळी आणि एकदा पुढच्या दस्त्यावर भार देऊन. दस्ता टेकत असेल तर घासकागदाने फट वाढवता येते. त्याला वेळ लागतो, पैसा नाही. दस्त्याचे स्क्रू टॉर्क-पान्याने निर्मात्याने सांगितलेल्या आकड्यालाच आवळा. हा आकडा बहुधा ४ ते ७ न्यूटन-मीटरमध्ये असतो. ‘हाताने घट्ट’ हे माप दर वेळी बदलतं.

काही नावं

फिनलंडमधल्या साको कारखान्यात बनणारी टिक्का (टी३ २००३ ची, टी३एक्स २०१६ ची) परवडणाऱ्यांत थोडी वरची, पण तिचा गुळगुळीत बोल्ट आणि चाप पाहता माझी पहिली शिफारस तीच. जपानी होवा १५०० जड वाटते, बांधणी मात्र दणकट. वेदरबी व्हॅनगार्डही त्याच मुळावर बनते, तेव्हा दोघींतली जी स्वस्त मिळेल ती घ्या. सॅव्हेज ११० हे १९५८ पासूनचं घराणं. नळी नटाने बसवण्याच्या आणि बोल्टचं डोकं किंचित सैल ठेवण्याच्या युक्तीमुळे कमी खर्चात दोन्ही दात सारखे टेकतात. तिची ही स्वस्ताईतली अचूकता उगाच नावाजलेली नाही. त्याच कारखान्याची ॲक्सिस आणखी स्वस्त. नळी चांगली, पण साधा दस्ता लवचीक, म्हणजे कागदाची पट्टी खिशात हवीच. रुगर अमेरिकन तीन दातांची, हलकी, स्वस्त. आत धातूच्या ठोकळ्यांवर बसत असल्याने नेम राखते. बर्गारा बी-१४ स्पेनची, नळी उत्तम, वजन मात्र तोलून पाहा.

दुर्बिणीशिवाय ३ ते ३.४ किलो वजन बरं. अडीच किलोची रायफल चढावर आवडते, पण धक्का जास्त देते आणि धापा लागलेल्या हातात स्थिर राहत नाही.

जुनी रायफल घ्यायची असेल तर

इथे पैसे खरे वाचतात, कारण शिकारीच्या रायफली वर्षाला फार कमी गोळ्या झाडतात. नळीचं तोंड भिंगाने पाहा. कडेला चीर किंवा टवका असेल तर गोळी सुटताना ढकलली जाते. जाणकार बंदूक-कारागीर तोंड पुन्हा कापून देऊ शकतो, तो खर्च किमतीतून वजा करा. नळीत प्रकाश टाकून चेंबरच्या पुढचा भाग पाहा. भेगाळलेल्या मातीसारखा दिसत असेल तर नळी बरीच झिजली आहे. दस्ता काढू दिला तर काढाच, गंज तिथेच लपतो.

बोल्टवरचा आणि रायफलीवरचा क्रमांक जुळतो का? दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवलेला असेल तर चेंबरमधलं अंतर चुकू शकतं आणि काडतूस फुटण्याचा धोका असतो. शंका आली, तर कारागिराकडून मापकांनी तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. क्रमांक टाकून निर्मात्याने ते मॉडेल दुरुस्तीसाठी परत मागवलं होतं का, हेही पाहा. नळीवर कोरलेलं काडतुसाचं नाव आणि खोक्यावरचं नाव अक्षरशः एकच असलं पाहिजे.

दुर्बीण

३-९ बाय ४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, समोरची काच ४० मिमीची) किंवा २-१० च्या आसपासची साधी दुर्बीण पुरे. संधिप्रकाशात काचेतून बाहेर पडणाऱ्या उजेडाचं वर्तुळ महत्त्वाचं. समोरच्या काचेचा व्यास भागिले पट, की ते मिळतं. ४० मिमी काच ६ पटीवर ठेवली तर ६.७ मिमी. तेच ९ पटीवर ४.४, म्हणून अंधारताना पट कमी करा. नेम सरकवायच्या चकतीचा पाव एमओएचा एक खटका १०० मीटरवर सुमारे ७ मिमी हलवतो, ०.१ मिलचा (मिल हे कोनाचं दुसरं माप) १० मिमी. कोणताही घ्या, पण नीट समजून. दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू साधारण २ न्यूटन-मीटर, माउंटचे निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे. बसवताना डोळ्यापासून आठ-नऊ सेंमी अंतर राखा, नाहीतर पहिल्याच धक्क्याला भुवई फुटते.

मैदानावर

तीन वेगवेगळ्या काडतुसांचं एकेक खोकं घ्या. कान आणि डोळे झाका. आधी २५ मीटरवर कागदावर आणा, मग १०० मीटरवर. पुढे आणि मागे पिशवी, नळी कशालाही टेकलेली नाही. प्रत्येक काडतुसाचे पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप, दोन ग्रुपच्या मध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. शिकारी नळी पातळ असते, तापली की ग्रुप पसरतो आणि दोष उगाच काडतुसावर जातो. सर्वांत लहान एक ग्रुप देणारं काडतूस निवडू नका. ज्याचे दोन्ही ग्रुप सारखे आणि एकाच जागी पडले ते निवडा, आणि तेच पुरेसं घेऊन ठेवा.

मग माझी आवडती पारख, जी फार थोडे जण करतात. एकच कागद, दहा वेगवेगळे दिवस, दर दिवशी थंड नळीतून फक्त एक गोळी. कागद घरी आणा, तारीख लिहा, पुढच्या वेळी तोच लावा. दहाव्या दिवशी त्या कागदावर जे दिसतं ती तुमच्या रायफलीची शिकारीतली अचूकता. पहिली गोळी नळी तेलाने पुसून आणल्यावर झाडली असेल तर ती बाजूला जाऊ शकते. म्हणून शून्य पक्कं झाल्यावर हंगाम संपेपर्यंत मी नळी घासून चकचकीत करत नाही, फक्त ओल टिपतो.

यानंतर टेबल सोडा. २० सेंमीची कागदी ताटली ५० मीटरवर लावा आणि बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या टेकूवर अशा शिकारीतल्या बैठकीतून दहा गोळ्या झाडा. दहाही ताटलीत बसल्या की २५ मीटर मागे जा. नऊ बसल्या तर मागे जाऊ नका. माझं अंतर आज काठ्यांवर १८० मीटर आहे, टेकू नसेल तर ८०, आणि पलीकडचं जनावर मी जाऊ देतो.